लॉरी उशिरा यावी म्हणून

आज सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबाला टेकून एक रिकामा कुडम ठेवलेला दिसला. इकडे घागरीला कुडम म्हणतात. प्लॅस्टिकचा, निळा, गळ्याला ओळखू यावा म्हणून चिंधी बांधलेली. त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे आणखी तीन. म्हणजे नळ आटले आणि पाण्याची लॉरी सुरू झाली. अशा वेळी माणसं कपाळाला हात लावतात. मला आनंद झाला. चोराला उघडं दार दिसल्यावर होत असेल तसला आनंद. दूध न घेताच मी वर आले आणि खुर्चीत बसून राहिले. वय झालं की लाज कमी होते म्हणतात. साफ खोटं आहे.

मी मूळची सातारकडची. शाळा चौथीपर्यंत. नवरा मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात होता. रणगाड्यांचं काहीतरी करायचा. काय ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. क्वार्टर्समध्ये आजूबाजूला आपल्याकडच्या चार बायका होत्या, त्यामुळे मराठी बोलायची उपासमार झाली नाही. तो गेल्यावर मुलानं मला वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये आणलं. मुलगा बँकेत, सून अनघा शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. दोघं सकाळी बाहेर पडली की घरात मी आणि फ्रिजचा आवाज. आगगाडी गेली की खिडकीची काच जरा थरथरायची, तेवढीच काय ती हालचाल.

मला लहानपणापासून एक खोड आहे. नसलेल्या गोष्टी मला असल्यासारख्या दिसतात. शाळेत एकदा सांगितलं की आमच्या मळ्यातलं चिंचेचं झाड रात्री विहिरीपर्यंत चालत जाऊन पाणी पिऊन येतं. गुरुजींनी खोटं बोलते म्हणून हातावर छड्या ओढल्या. मुलगा लहान होता तोवर त्याला गोष्टी सांगून खोड भागवली. तो मोठा झाल्यावर नवरा म्हणाला, "आता घरात लहान कोणी नाही. पुरे कर." पुरे केलं. पण खोड म्हणजे काही पाणी नाही, नळ बंद केला की थांबायला.

मग तो उन्हाळा आला. काही वर्षं झाली त्याला. ज्यांनी तो मद्रासमध्ये काढला त्यांना वर्ष सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी नाही काढला त्यांना वर्ष सांगून काय कळणार? कत्तिरीचे दिवस, म्हणजे इथल्या उन्हाचा कळस. डांबर चपलेला चिकटायचं आणि चप्पल उचलताना चट् आवाज यायचा. आमच्या बिल्डिंगची बोअर आधी पिवळं ओकली, मग वारा ओकली, मग गप्प झाली. अनघाच्या ऑफिसनं सांगितलं, इथे पाणी नाही, घरूनच काम करा. कावळे वळचणीला चोच उघडी टाकून बसायचे. मोगऱ्याचा गजरा विकणारी बाई गजऱ्यावर पाणी शिंपडायची थांबली. गजरे दुपारपर्यंत तपकिरी व्हायचे आणि त्यांना उकडलेल्या भाजीचा वास यायचा.

रोज दुपारी गल्लीत सरकारी लॉरी यायची. कधी दोनला, कधी पाचला, कधी यायचीच नाही. इतका वेळ उन्हात उभं कोण राहणार? म्हणून बायका आपापला कुडम रांगेत ठेवायच्या आणि समोरच्या देवळाच्या भिंतीच्या सावलीत बसायच्या. इथला नियमच तसा. कुडम उभा म्हणजे बाई उभी. त्याचा नंबर तो तिचा नंबर. लाल, हिरवे, निळे, पिवळे, उन्हानं पांढुरके पडलेले कुडम ओळीनं तोंड वर करून वाट बघत असायचे, आणि उन्हानं तापले की त्यांच्यातून कट्कट् असा बारीक आवाज यायचा. मला तर ते एकमेकांशी बोलतात असंच वाटायचं.

मला जायची गरज नव्हती, हे आधीच सांगून टाकते. घरात प्यायला विकतचे कॅन होते, बाकी कामाला बिल्डिंगनं खाजगी टँकर लावला होता. मी पहिल्यांदा नुसती बघायला गेले. त्या दिवशी इस्त्रीवाली सरोजा कंबरेवर हात ठेवून ओरडत होती. कोळशाच्या इस्त्रीपाशी दिवसभर उभी राहणारी बाई. तिचा आवाजही तापलेलाच. "माझा लाल कुडम पाचवा होता, आठवा कसा झाला? कुणी ढकलला?" कोणी कबूल होईना. सगळ्यांच्या माना शेजारणीकडे वळल्या. आता झिंज्या धरतात की काय, असं वाटलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कुणी ढकलला नाही. तोच गेला मागे. आठव्या कुडमला काहीतरी विचारायचं होतं त्याला."

माझं तमिळ भाजी घेण्यापुरतं. क्रियापदं तर भाजीवाल्याला लागतही नाहीत. तरी कळलं. आधी एक हसली, मग सगळ्या. सरोजानं माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "काय विचारलं त्यानं, पाट्टी?" पाट्टी म्हणजे आजी.

"विचारलं, जमिनीखालचं पाणी गेलं कुठे."

"मग आठवा काय म्हणाला?"

मी भिंतीच्या सावलीत बसले. बसले ती बसलेच, सबंध उन्हाळा.

दुसऱ्या दिवशी मी घरातून दोन कुडम घेऊन निघाले. अनघा लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली, "आई, कॅन आहेत ना घरात?"

"कॅनच्या पाण्याला चव नसते," मी म्हटलं. रांगेत कुडम नसेल तर सावलीत बसायचा हक्क नव्हता, हे तिला कसं सांगणार?

गोष्ट अशी होती. रांगेतला सगळ्यात छोटा कुडम, नाव चिन्नी. ती एका कोरड्या बोअरच्या भोकातून खाली उतरते, पाणी कुठे गेलं ते शोधायला. खाली मिठाच्या पाली आहेत, त्या बोलतात तेव्हा जीभ तुटून पडते आणि नवी फुटते. खाली एक बाजार आहे, तिथे बुजवलेल्या विहिरींचे आवाज विकायला ठेवलेत. कुणाला पोहऱ्याचा आवाज हवा, कुणाला लहान मूल पाण्यात वाकून ओरडलं त्याचा. एक नदी गुडघ्यांवर चालते, कारण तिचे पाय शहरानं काढून घेतलेत. आणि सगळ्यात तळाशी एक राक्षसीण सगळ्या पाण्यावर आडवी पडून झोपली आहे. ती उठत नाही, म्हणून पाणी वर येत नाही.

हे सगळं मी मोडक्या तमिळमध्ये सांगायची. शब्द अडला की हातानं दाखवायची. पाल दाखवली की बायका "पल्ली" हा शब्द चटकन पुरवायच्या. राक्षसीण कशी घोरते ते मी घोरून दाखवलं, तेव्हा सरोजा इतकी हसली की तिला ठसका लागला. माझ्या आयुष्यात मी बोलत असताना कोणी स्वतःचं काम थांबवून ऐकलं असेल तर ते तिथे. वांगी चिरता चिरता ऐकणं वेगळं. त्या बायकांचे हात रिकामे होते. करण्यासारखं काहीच नव्हतं त्यांना, पाणीच नव्हतं.

त्यांत एक सेल्वी होती. गल्लीच्या मागे एका ओळीत बांधलेल्या खोल्या आहेत, तिथली. चाळिशीची, काटकुळी, बोलायची कमी. तिची सासू अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून तिला इतरांपेक्षा एक कुडम जास्त लागायचा आणि सरोजासकट कोणी त्यावर भांडायचं नाही. सेल्वी गोष्ट ऐकताना माझ्या तोंडाकडे बघायची नाही, जमिनीकडे बघायची. मला वाटायचं, हिचं लक्ष घरी आहे.

गोष्ट ऐन रंगात आली असताना मला एकदा खोकला आला आणि मी थांबले. त्याच क्षणी कोपऱ्यावर लॉरीचा भोंगा. दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं. झालं, सरोजानं शोध लावला. "पाट्टी अडली की लॉरी येते! पाट्टी, राक्षसिणीनं डोळा उघडला तिथेच थांब. पुढे जाऊ नकोस." त्यानंतर दुपार कलायला लागली की कोणीतरी म्हणायचं, "पाट्टी, अडव ग आता. घरी भात खोळंबलाय." हसत म्हणायच्या, पण डोळे रस्त्यावर असायचे. तहानलेलं माणूस कशावरही विश्वास ठेवतं.

मी ठेवत नव्हते. मी इतकी खुळी नाही. लॉरीवाला त्याच्या मर्जीनं यायचा. आणि तरीही त्या दिवसापासून मी गोष्ट अडेल अशा जागेपाशी न्यायचीच टाळायला लागले. मिठाच्या पालींच्या लग्नाचं जेवण सांगत बसायची, पदार्थामागून पदार्थ. बाजाराच्या गल्ल्या वाढवायची. कारण लॉरी आली की सगळ्या उठायच्या. माझं वाक्य अर्धं तोंडात असायचं आणि समोर नुसती भिंत. पाण्याचा पाइप सुटायचा, ओल्या डांबराचा वास उठायचा, बायका एकमेकींना ढकलायच्या, सेल्वी तिचे कुडम भरून कंबरेवर घेऊन वाकडी होत निघून जायची, आणि मी मनात म्हणायची, आणखी अर्धा तास उशिरा आली असती तर काय बिघडलं असतं?

काय बिघडलं असतं ते मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. मलमूत्राच्या चादरी कोरड्या धुता येत नाहीत.

एका दुपारी सेल्वी पहिल्यांदाच आपणहून बोलली. "पाट्टी, आज गोष्ट संपव."

"का ग? लॉरीची घाई आहे?"

ती पुन्हा जमिनीकडे बघायला लागली. मला राग आला. मला वाटलं, हिला गोष्ट नको, पाणी हवंय. "अशी मध्येच संपत नसते गोष्ट," मी म्हटलं, आणि नदीचे पाय कुणी कुणी चोरले ते सांगायला घेतलं. त्या दिवशी लॉरी दिवेलागणीला आली. खोटं कशाला बोलू, ती माझी सगळ्यात चांगली दुपार होती.

नंतर काही दिवस सेल्वीचे कुडम शेजारीण भरून न्यायची. मग पाऊस झाला, तळी भरली, नळाला पाणी आलं आणि रांग मोडली. चिन्नी राक्षसिणीच्या उशाशी पोचली होती, ती तिथेच राहिली. मी वाट पाहिली कोणीतरी विचारेल. जिन्यात, दुधाच्या दुकानात, देवळाच्या पायरीवर. भेटल्या की म्हणायच्या, "जेवलात का, पाट्टी?" नळाला पाणी असलेल्या बाईला गोष्टीचं काय काम? मध्ये सेल्वीची सासू वारली. मी जाऊन बसून आले. गोष्टीचा विषय काढायची ती वेळ नव्हती. आणि सगळ्या जगाला पाणी मिळालं याचं मला वाईट वाटलं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

पुढे एकटेपणानं ती गोष्ट मी मराठीत लिहायला बसले. अनघानं फोनवर उतरवून दिली आणि कुठल्याशा गटात टाकली. फोनवरचा गट आहे, राक्षस, जादू, नसलेली राज्यं असलं लिहिणाऱ्या पोरापोरींचा. कोणी पुण्याचा, कोणी नागपूरची, एक तर परदेशात. रविवारी फोनवर सगळे तोंडं दाखवतात आणि एकमेकांचं वाचतात. मला आजी म्हणतात. चांगली मुलं आहेत, माझं चुकलेलं मुकाट्यानं दुरुस्त करतात. मी चौथी शिकले हे ऐकून त्यांना माझा उगाचच आदर वाटतो. एकानं विचारलं, "आजी, तुमच्या जगातल्या जादूचे नियम काय?" मी म्हटलं, "बाळा, जो उन्हात उभा राहील त्याला पाणी, एवढाच."  मग एकीनं विचारलं, तुम्हाला प्रेरणा कुठून मिळाली? मी म्हटलं, "तहानेतून." पडद्यावर टाळ्यांचे हात उडायला लागले. अनघासुद्धा कौतुकानं बघत होती.

तहान कुणाची होती ते कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मी तर कॅनचं पाणी पीत होते.

त्या गोष्टीला मी शेवट लावला. चिन्नी विजेची तलवार मिळवते, राक्षसिणीला मारते, पाणी उसळतं. गटातली मुलं म्हणाली, दणदणीत. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापूनही आली. मी तो अंक उशीखाली ठेवून झोपले, नव्या लुगड्याची घडी ठेवावी तशी. पण वाचताना शेवटापाशी आले की मला कायम वाटायचं, हे कुणाला तरी सांगून बघायला हवं होतं. बायका हसल्या असत्या की नसत्या? मला कळायला मार्गच नव्हता. गल्लीच्या मागच्या खोल्या माझ्या जिन्यापासून हाकेच्या अंतरावर होत्या. गोष्ट घेऊन मी एकदाही गेले नाही. त्यांनी विचारावं असं मला वाटत होतं. दुष्काळ पडला तर त्या पुन्हा विचारतील, असंही वाटत होतं. नसतं काही मनात, तर आज सकाळी तो निळा कुडम बघून मी दूध न घेता वर आले असते का?

दुपारी खाली गेले. रांग तीच, भिंत तीच, सावली थोडी कमी; मध्ये झाड तोडलंय. बायका फोन बघत होत्या. सरोजाचे केस पांढरे झालेत, आवाज तसाच. मला बघून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाट्टी आली! झालं, आता लॉरी येत नाही!"

सगळ्या हसल्या. नवीन बायका होत्या त्यांना जुन्यांनी समजावून सांगितलं, ही गोष्ट लांबवायची आणि लॉरीला उशीर व्हायचा म्हणून. म्हणजे त्यांना माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. मी मिठाच्या पालींचं जेवण वाढत होते आणि त्या समजून बसून होत्या. वाईटपणे नाही म्हणाली सरोजा, हात धरून बसायला जागाही केली. पण मला बसवेना. मी विचारलं, सेल्वी कुठे आहे? तिचा कुडम होता, ती नव्हती.

"घरी. आता डबे करून देते. तिला कुठला वेळ?"

मी मागच्या खोल्यांकडे गेले. सेल्वी दारातच बसली होती, पुढ्यात शेवग्याच्या पाल्याचा ढीग. मला बघून तिनं पाट सरकवला. मी बसले आणि हाताला काम असावं म्हणून एक डहाळी ओढून पाला खुडायला लागले. एक डहाळी संपली. मग मी म्हटलं, "त्या गोष्टीचा शेवट राहिला होता तुझा. तो सांगायला आले."

ती खुडता खुडता म्हणाली, "शेवट झाला की, पाट्टी."

"कुठे झाला? पाऊस नाही का आला?"

"मी केला. अत्तैला रोज इथली गोष्ट घरी जाऊन सांगायचे मी." अत्तै म्हणजे सासू. "ती दुपारपासून विचारायची, चिन्नी कुठवर पोचली. कूस बदलताना ओरडायची फार. गोष्ट चालू असली की ओरडायची नाही. मग डॉक्टर म्हणाला, आता दिवस थोडे. म्हणून तुला म्हटलं, आज संपव."

माझा हात थांबला. सेल्वीचा चालूच होता.

"तू नाही संपवलीस. तिला काय सांगू? तुझ्यासारखं मला येत नाही. मी आपलं सांगितलं, चिन्नी राक्षसिणीपाशी गेली, तर ती म्हातारी निघाली. झोपलेली नव्हतीच. तिला कूस बदलता येत नव्हती. कित्येक वर्षं कुणी बदलली नव्हती, पाठ सगळी सडली होती. चिन्नी लहान, तरी तिनं जोर लावला, हळूच तिला वळवलं. खालचं पाणी मोकळं झालं. चिन्नीनं त्यातलंच थोडं घेऊन आधी म्हातारीची पाठ धुतली. मग उरलेलं वर आलं."

ती हे एखादा निरोप सांगावा तसं सांगत होती. माझी तलवार, माझी वीज, छापलेला अंक, टाळ्यांचे हात, सगळ्याची मला लाज वाटली. सेल्वी रांगेत जमिनीकडे बघत बसायची, ते गोष्ट पाठ करून घरी न्यायला. आणि मी तिथे लग्नाची पंगत वाढत होते.

तिची माफी मागावी असं मनात आलं. पण माफी मागितली असती तर तिला मला समजवावं लागलं असतं, आणि तिला डबे भरायचे होते. मी विचारलं ते एवढंच, "अत्तैला आवडला शेवट?"

"ऐकला कुठे तिनं?" सेल्वी म्हणाली. "म्हातारीला वळवलं, तिथेच अत्तैला झोप लागली."

तिनं निवडलेला पाला सुपात सरकवला, पदरावरच्या काड्या झटकल्या.

"पण मी पुरी सांगितली. अर्धी कशी सोडायची, पाट्टी?"

ढिगातल्या डहाळ्या अजून बऱ्याच उरल्या होत्या. मी मान खाली घालून पाला खुडत राहिले.